शब्द येण्याआधीचं

पद्मजा मगदूमनं सांगलीच्या विश्रामबागेतलं क्लिनिक बंद केलं, तेव्हा तिथल्या बहुतेक वस्तू कुणालाच नको होत्या. वाळूनं भरलेला उथळ ट्रे, हातात घालून नाचवायची कापडी माकडं आणि छप्पर उचलता येणारं एक लाकडी बाहुलीघर. बाहुलीघर तिनं घरी आणून टीव्हीच्या जागी ठेवलं. टीव्ही आता भिंतीतच असायचा, त्यामुळे जागा रिकामीच होती.

त्या बाहुलीघरावर तिची सगळी हयात गेली होती. मूल पहिल्यांदा आलं की ती त्याला काही विचारायची नाही. लाकडी माणसांची टोपली पुढे सरकवायची आणि सांगायची, तुझ्या घरातली माणसं यात बसव. कुणी वडलांना दाराबाहेर उभं करायचं, कुणी सगळ्यांना एकाच पलंगावर झोपवायचं. एका मुलीनं आईला न्हाणीघरात ठेवून दार लावून घेतलं होतं. पूर आला त्या वर्षी तर कित्येक महिने मुलं अख्खं घर छपरावर बसवायची. कवठेपिरानच्या एका मुलानं म्हैससुद्धा वर चढवली आणि ती घसरते म्हणून रडकुंडीला आला. पद्मजानं चिकटपट्टी आणून म्हैस पक्की केली, तेव्हा कुठे तो आईचा हात सोडून वाळूत खेळायला गेला.

सुरुवातीच्या दिवसांत लोक मागच्या जिन्यानं यायचे. कुणी पाहिलं तर पोराला वेडं म्हणतील, ही धास्ती. बालमानसतज्ज्ञ म्हणजे काय हे पाटी वाचूनही कळायचं नाही. एक आजोबा दर खेपेला घसा दुखतो म्हणून तपासून घ्यायला बसायचे आणि मग हळूच नातवाचं अंथरूण ओलं होण्याचं काढायचे. पुढे लोक पुढच्या जिन्यानं यायला लागले. नंतर इतके यायला लागले की जिन्यातच बसायचे. आणि मग हळूहळू कमी झाले.

कारण तसं वाईट नव्हतं. घरोघरी छोटी यंत्रं आली होती. मुलाचं रडणं, बोलणं, डोळे फिरवणं टिपून ती आईबापांना वेळीच सावध करायची. जे ओळखायला पद्मजाला चार भेटी लागायच्या ते यंत्र पाळण्यातच ओळखायचं. शिवाय मुलंच कमी जन्मत होती. पद्मजाला याचा राग नव्हता. फक्त संध्याकाळी पाचच्या सुमाराला, शाळा सुटायच्या वेळी, तिचे कान जिन्याकडे लागायचे. त्यात चूक काही नाही, सवय आहे, असं ती स्वतःला सांगायची.

घरी ती आणि आक्का अशा दोघीच होत्या. पद्मजाचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी हैदराबादला. आक्का म्हणजे त्रिशला, पद्मजाच्या वडलांची, आप्पांची, दुसरी बायको. पद्मजाची जन्मदाती आई, राजमती, काविळीनं गेली तेव्हा पद्मजाला धड बोलताही येत नव्हतं. तीन वर्षांची व्हायच्या आत आक्का घरात आली. आक्काला स्वतःचं मूल झालं नाही. पद्मजानं आयुष्यभर तिलाच आई मानलं. सावत्र हा शब्द त्या घरात कधी कुणी उच्चारला असेल तर तो पाहुण्यांनी. राजमतीचा एक फोटो तेवढा होता. लग्नातला, कपाळाला आठ्या पडलेला, करारी चेहऱ्याचा. आक्का दर सणाला त्याला हार घालायची आणि त्याच्याकडे फार वेळ बघायची नाही.

क्लिनिक बंद होऊन वर्ष झालं असेल, तेव्हा मिरजेहून शिरीन मुजावरचा फोन आला.

शिरीन ही पद्मजाची जुनी पेशंट. सहा वर्षांची असताना ती घरात पोपटासारखी बोलायची आणि शाळेत तोंडातून चकार शब्द काढायची नाही. कितीतरी महिने ती दर आठवड्याला यायची, वाळूत बोटं फिरवायची आणि काही न बोलता निघून जायची. तिचे वडील वैतागून विचारायचे, मॅडम, तुम्ही तिला काही करायला लावत का नाही. मग एका दुपारी शिरीन खाली बघत म्हणाली, "तुमची चप्पल तुटलीय." पद्मजानं शांतपणे चप्पल पाहिली, खरंच तुटलीय म्हणाली, आणि शिरीन घरी गेल्यावर दार लावून थोडी रडली. तीच शिरीन आता मेंदूची शास्त्रज्ञ होती आणि मिरजेतलं एक संशोधन केंद्र चालवत होती.

"मॅडम, आमच्याकडे मोठी माणसं येतात आणि दोन वर्षांची होतात," शिरीन म्हणाली. "आणि दोन वर्षांच्या मुलाशी बोलता येईल असं आमच्याकडे कुणी नाही. तुम्ही याल का?"

केंद्रात काय चालतं ते पद्मजाला वरवर ठाऊक होतं. बातम्यांत त्याचं नाव पूर्वस्मरण असं यायचं. लोक नुसतं 'आधीचं' म्हणायचे. तू आधीचं करून आलास का, असं.

माणसाला साधारण तीन वर्षांच्या अलीकडचं आठवतं, पलीकडचं आठवत नाही. पूर्वी समजूत होती की इतक्या लहान मेंदूत आठवणी टिकाव धरत नाहीत. ती चुकीची निघाली. आठवणी पक्क्या बसतात, पण त्या वयात हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात नव्या पेशी इतक्या झपाट्यानं तयार होतात आणि इतक्या नव्या जोडण्या करतात की जुन्या जोडण्या त्यांत गाडल्या जातात. गावात रोज नवे रस्ते निघावेत आणि एका घराकडे जाणारी वाट बुजून जावी, तसं. घर जागेवर असतं. आत दिवासुद्धा लागलेला असतो. जायला वाट तेवढी नसते.

शिरीनच्या केंद्रानं वाट शोधायची युक्ती काढली होती. माणसाच्या डोक्यावर संवेदकांची टोपी बसवायची आणि त्याच्या तान्हेपणातले वास, आवाज, स्पर्श त्याला द्यायचे. मेंदूचा जो भाग बोलण्याशी, नावांशी जोडलेला असतो तो अशा वेळी सहज उजळतो. पण कधीकधी भलतीकडेच, शब्दांशी काहीही नातं नसलेला पेशींचा एखादा इवलासा पुंजका क्षणभर लुकलुकतो. तेच ते घर. मग बाहेरून, कवटी न उघडता, माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी अचूक त्या जागी एकवटायच्या आणि तो पुंजका जागवत राहायचं. काही बैठकांनंतर आठवण वर यायची.

अडचण तिथूनच पुढे होती. वर येणारी आठवण मोठ्या माणसाची नसायची. तिच्यात नावं नसायची, काल आणि आज नसायचा, चेहरेसुद्धा सलग नसायचे. आणि माणसं तिचा मोठ्या माणसांसारखा अर्थ लावायची.

पद्मजा रुजू झाली त्याच आठवड्यात सुदर्शन आरवाडे नावाचा बँकेतला अधिकारी आला होता. त्याला आठवलं होतं ते असं: वरून एक प्रचंड हात येतो, जबडा दाबतो, नाक बंद होतं, श्वास कोंडतो, आणि वर वडलांचा चेहरा. त्यानं वडलांशी बोलणं टाकलं होतं. म्हातारा केंद्राच्या बाहेर बाकावर बसून होता, त्याला कुणी काही सांगत नव्हतं.

पद्मजानं सुदर्शनला काय झालं हे विचारलंच नाही. तिनं विचारलं, तोंडात काय होतं. तो डोळे मिटून चाचपडत राहिला. वाळूसारखं काहीतरी. कडू. आणि कडूच्या वर गोड. मग ती बाहेर म्हाताऱ्याकडे गेली. लहानपणी मुलाला काही आजार झाला होता का, एवढंच विचारलं. म्हातारा म्हणाला, प्रायमरी कॉम्प्लेक्स, म्हणजे लहान मुलांचा टीबी, झाला होता. महिनोन्महिने गोळ्या होत्या. कुटून मधात घालायचो, थुंकायचा, म्हणून नाक दाबायला लागायचं. "त्याच्या आईच्यानं बघवायचं नाही," तो म्हणाला, "म्हणून रोज मीच द्यायचो."

पद्मजा आत गेली आणि सुदर्शनला तेच सांगितलं. तो उठून बाहेर गेला आणि बापाच्या शेजारी बाकावर बसला. मग दोघं एकाच गाडीत बसून गेले.

मग पद्मजा रोज मिरजेला जायला लागली. मोठ्या माणसांच्या आत बसलेली ती मुलं तिला ओळखीची होती. त्यांचं बोट धरून कसं चालायचं ते तिच्या हातात मुरलेलं होतं. किती वर्षांनी संध्याकाळचे पाच कधी वाजतात ते तिला कळेनासं झालं. तिशीतली माणसं पुष्कळ यायची, आणि त्यांच्यात एक आठवण पुन्हापुन्हा निघायची: अंधारात आईचा चेहरा, खालून निळसर उजळलेला, नजर दुसरीकडेच. आया रात्री पाजताना हातात फोन धरायच्या त्या दिवसांतली ती मुलं. एका मुलीनं ते आठवल्यावर हुंदके दिले तेव्हा पद्मजाला वाटलं, दुखावली. पण ती म्हणाली, किती सुंदर दिसत होती आई. तिच्या लेखी चंद्र तसाच असायचा. आपण त्या काळात आयांना किती बोललो, असं पद्मजाच्या मनात आलं आणि ती खिन्न होऊन हसली.

या सगळ्याला एक किंमत होती, तीही पद्मजाच्या हळूहळू ध्यानात आली. माणसाला काही गोष्टी उगाच आवडतात. ओल्या गोणपाटाचा वास, शिलाई मशीनचा आवाज. आठवण जागी झाली की ते उगाच राहत नाही, त्याला मालक मिळतो. एका शिक्षिकेला आयुष्यभर ओल्या गोणपाटाच्या वासानं बरं वाटायचं. तो आजीच्या कडेवरचा वास होता हे कळलं, आणि त्या दिवसापासून तो वास आला की तिला बरं वाटण्याऐवजी आजी आठवून गलबलायला लागलं. आवडणं तिच्याकडून निघून आजीकडे राहायला गेलं.

नावं न सांगता पद्मजा हे सगळं जेवताना आक्काला सांगायची. आक्का रंगून ऐकायची, मधेच भाकरी थापायची थांबून विचारायची, मग फुडं काय झालं.

एके दिवशी शिरीननं विषय काढला. पासष्टीनंतर ते पुंजके इतके क्षीण होतात की टोपीला सापडत नाहीत. मॅडम, तुम्हाला करायचं असेल तर आता करायला हवं. पद्मजानं विचार करते म्हणून सांगितलं. खरं तर विचार करायची गरज नव्हती. आपल्या आईचा आवाज कसा होता हे तिला माहीत नव्हतं. हजारो मुलांना त्यांच्या आईबद्दल विचारत तिचा जन्म गेला होता, आणि स्वतःच्या आईबद्दल तिच्याकडे एक आठ्या पडलेला फोटो होता.

रात्रीच्या जेवणात तिनं आक्काला सांगितलं. आक्का म्हणाली, कर की. आणि ताटं उचलून आत गेली.

त्यानंतर घरात काहीतरी बदललं, पण ते पद्मजाच्या लक्षात यायला वेळ लागला. आक्का विचारायला लागली. हे पातेलं घेऊ का. पडदा ओढू का. स्वतःच्याच स्वयंपाकघरात ती पाहुणीसारखी वावरायला लागली. मग एक दिवस जयसिंगपूरला भाच्याकडे जाते म्हणाली, आठवडाभर. आठवडा संपला तेव्हा गुडघा दुखतो म्हणाली. पुढच्या वेळी म्हणाली, भाचा सोडत नाही.

दुसऱ्या कुठल्याही घरातलं असतं तर पद्मजानं बसल्या बैठकीत ओळखलं असतं. घरातली म्हातारी बाई पातेलं घ्यायला परवानगी मागते याचा अर्थ तिनं किती सुनांना, किती मुलांना समजावून सांगितला होता. स्वतःच्या घरात तो कळायला रिकामं स्वयंपाकघर बघावं लागलं. दुसऱ्या दिवशी ती जयसिंगपूरला गेली.

आक्का गच्चीवर उन्हात बसून शेंगा फोडत होती. पद्मजा तिच्यासमोर बसली आणि तीही फोडायला लागली. आक्काच आधी बोलली.

"ती गोणपाटाची बाई. तिचं आवडणं आजीकडं गेलं म्हणालीस."

"हो."

"मग तुझं तिच्याकडं गेलं तर माझ्याकडं काय ऱ्हाईल?"

केंद्रात आलेल्या कुणाला देता आलं असतं असं उत्तर पद्मजाकडे होतं, पण ते तिनं ओठांवर आणलं नाही. ती म्हणाली, "मी नाही करत, आक्का. शिरीनला आजच सांगते."

आक्कानं सूप हलवून टरफलं पाखडली. मग म्हणाली, "ते तेल तिचं हाय."

कुठलं तेल, हे पद्मजाला एकदम कळलं नाही. आक्का वाळा, म्हणजे त्या सुगंधी गवताच्या मुळ्या, घालून खोबरेल कढवायची. लहानपणापासून पद्मजाच्या डोक्याला तेच तेल लागलं होतं. जगातल्या कुठल्याही वासानं तिला इतकं शांत वाटत नसे. हॉस्टेलला असताना ती उशीला ते तेल चोळून झोपायची. तिच्या लेखी तो आक्काचा वास होता.

मग आक्कानं सांगितलं. ती लग्न होऊन साखर कारखान्याच्या कॉलनीत आली तेव्हा पद्मजा तिला डोक्याला हात लावू द्यायची नाही. वेणी नाही, तेल नाही. केसांच्या जटा झाल्या होत्या. आप्पांना काही माहीत नव्हतं, पुरुषमाणूस. शेवटी शेजारच्या शेडबाळेकाकूंनी सांगितलं की पहिली बायको वाळा घालून तेल करायची. आक्कानं बाजारातून वाळा आणला, तेल कढवलं, वाटीत घेऊन मागच्या पडवीत बसली. पोरीला बोलावलं नाही. नुसती बसली.

"मग तू आलीस आणि माझ्याकडं पाठ करून बसलीस," आक्का म्हणाली. "म्हणलं, बसली तर खरं."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"एवढं एक तरी तुला माझं वाटू दे, असं वाटायचं." आक्कानं हातातली शेंग फोडली, दाणे पद्मजाच्या तळहातावर ठेवले. "पण आता माझं वय झालं. दुसऱ्याची वस्तू किती दिवस ठिवून घ्यायची? तू कर ते. तेल मी करून देते."

पद्मजानं नको म्हणून पाहिलं. आक्का ऐकेना. त्याच दिवशी दोघी सांगलीला परत आल्या. येताना आक्कानं बाजारात गाडी थांबवायला लावली आणि तीन दुकानांतला वाळा हुंगून मग एक जुडी घेतली.

शिरीननं बाकीच्या गोष्टी जमवल्या. कारखान्यातल्या मळीचा आंबूस गोड वास. ओलं सिमेंट. त्या काळच्या काळ्या दंतमंजनाचा वास, जो म्हणे तेव्हा कॉलनीतल्या प्रत्येक क्वार्टरमध्ये यायचा. बैठकांना पद्मजाच्या सोबत बसणारी ती स्वतःच होती.

"मॅडम, घाई नाही," टोपी बसवताना शिरीन म्हणाली. "तुम्ही मला शिकवलंय."

पहिल्या काही बैठकांत काहीच झालं नाही. पडद्यावर शब्दांचे भाग उजळायचे आणि विझायचे. पद्मजाला वाटायला लागलं की आपल्याकडे ते घर उरलेलंच नाही. मग एका सकाळी शिरीननं आक्काच्या तेलाची वाटी तिच्या मागून, डोक्याच्या वर धरली, आणि पडद्यावर कोपऱ्यात एक ठिपका हलला.

जे आलं ते चित्र नव्हतं. आधी पायाखाली गार आणि ओलं आलं. मग पोटात दणदणणारा एक आवाज, सगळीकडून येणारा. कारखान्याचा भोंगा, हे मोठ्या पद्मजानं नंतर जोडलं. लहान पद्मजाला तो आवाज म्हणजे जग फाटल्यासारखा होता. ती रडायच्या बेतात होती. तेवढ्यात एक चेहरा एकदम जवळ आला, इतका जवळ की नुसते गाल दिसावेत. गाल फुगले. फुगत फुगत मोठे झाले आणि त्यांतून भोंग्यासारखाच आवाज यायला लागला, पण बारीक, ओठ थरथरवत. तिचे दोन्ही हात त्या गालांवर गेले. दाबले. फुस्स करून हवा तिच्या तोंडावर आली, तिच्यात वाळ्याचा वास मिसळलेला, आणि ते गाल हसायला लागले. घोगरं, नाकातून येणारं, आवरता न येणारं हसू. मग पुन्हा गाल फुगले. पुन्हा हात. पुन्हा फुस्स. कितीदा, ते मोजता येण्यासारखं नव्हतं, कारण तिथे मोजणंच नव्हतं. मग ते गाल दमले आणि दूर गेले. तिनं भोकाड पसरलं. आणि काहीसे कंटाळून, सुस्कारा टाकून, ते पुन्हा आले.

टोपी काढली तेव्हा पद्मजाचा चेहरा ओला होता. शिरीननं पाणी दिलं आणि बसून राहिली.

त्याच वासानं दोन दिवसांनी आणखी एक पुंजका जागा झाला. तो लहानसा होता. पडवी, मागे पाठ, तेलाचा वास, आणि मागे कुणीतरी बसलेलं. स्पर्श नाही. फक्त बांगड्यांचा अगदी बारीक आवाज, थांबून थांबून, थरथरणाऱ्या हातातल्या बांगड्या वाजतात तसा. ते मागचं माणूस घाबरलेलं होतं. आणि ते उठून जात नव्हतं.

पद्मजानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या आठवणी तपासल्या होत्या, त्यामुळे तिनं शंका घेतली. आक्कानं गच्चीवर सांगितलं त्यातून मन आता हे रचत असेल. शिरीननं पडदा दाखवला. तो पुंजका शब्दांशी कुठेच जोडलेला नव्हता, ऐकीव आठवणी तशा नसतात. आणि बांगड्यांचं तर आक्कानं सांगितलंच नव्हतं. तिला ते माहीतही नसेल.

मग पद्मजाला आपलं क्लिनिक आठवलं. शिकवणारे सगळे सांगायचे, मुलाच्या समोर बसा, नजरेला नजर द्या. ती कधीच समोर बसली नाही. ती नेहमी मुलाच्या किंचित मागे, बाजूला बसायची, हात स्वतःच्या मांडीवर ठेवून. का, असं कुणी विचारलं तर तिला सांगता यायचं नाही. उगाच बरं वाटतं, म्हणायची.

बाहेर आवारात कडुनिंबाखाली आक्का बाकावर बसली होती. त्या दिवशी ती हट्टानं बरोबर आली होती. पद्मजा येऊन शेजारी बसली. तिला बांगड्यांचं सांगायचं होतं. कुठून सुरुवात करावी याचा ती विचार करत होती. तेल आता राजमतीचं झालं होतं, यात शंका नव्हती. ते तिच्याकडून निघून मालकाकडे गेलं होतं. पण आक्काकडे बघताना तिला काही कमी झाल्यासारखं वाटत नव्हतं. बाकावर पाय न टेकणारी ही लहानखुरी बाई कधीतरी चोवीस वर्षांची होती आणि एका पाठीला घाबरली होती.

आक्कानं समोर बघतच विचारलं, "कशी हुती गं ती?"

पद्मजानं तिच्याकडे पाहिलं. आक्काच्या आवाजात भीती नव्हती. होतं ते नुसतं कुतूहल, फार वर्षं दाबून ठेवलेलं. ज्या बाईचं घर तिनं चालवलं, जिचं मूल वाढवलं, जिचं तेल कढवलं, तिला आक्कानं कधी पाहिलंच नव्हतं. तिच्याकडेही तोच एक फोटो होता.

"लई कडक असणार," आक्का म्हणाली. "फोटोत बघितलं की मला वाटायचं, ही माझ्या चुका काढतीया."

"नव्हती कडक," पद्मजा म्हणाली. आणि पुढे तिला शब्द सापडेनात. ज्याला शब्द नव्हते ते शब्दांत कसं सांगणार. मुलांना सांगता आलं नाही की ती त्यांना म्हणायची, सांगू नकोस, दाखव.

तिनं आक्काचे दोन्ही हात हातात घेतले. सुरकुतलेले, शेंगांनी खरबरीत झालेले ते हात तिनं आपल्या गालांवर ठेवले. मग गाल फुगवले. फुगवत फुगवत मोठे केले आणि ओठ थरथरवत भोंग्यासारखा आवाज काढला. बाजूनं जाणारा एक माणूस थबकून पुढे गेला. आक्का आधी गोंधळली. तिचे हात तसेच राहिले. मग, का कुणास ठाऊक, ते दाबले गेले.

हवा आक्काच्या तोंडावर आली. तिनं डोळे मिटून घेतले. पद्मजाला हसू आलं, आणि ते नाकातून, घोगरं आलं, आपलं नव्हे तसं.

आक्कानं डोळे उघडले. हात तिनं काढले नव्हते. ती पद्मजाच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि पद्मजाच्या चेहऱ्याच्या पलीकडेही कुणाकडे तरी.

"अशी?" ती म्हणाली.

"अशी."

आक्का जरा पुढे सरकून बसली.

"परत एकदा कर की," ती म्हणाली.